झाकणाखालची अमानत

पिंगळीतील एखाद्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप उन्हाळ्यात तापून वारंवार बंद पडतो, म्हणून तो परभणीला दुरुस्तीस नेला जातो. झाकण उघडताच कारागिराला कारण दिसते: पंख्यात धूळ साचली आहे, प्रोसेसर आणि हीट सिंक यांमधील थर्मल पेस्ट वाळली आहे; उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी मात्र शाबूत आहे. सफाई करून नवी पेस्ट लावली की काम भागेल. तरीही ‘हीट सिंकच बदलावा लागेल’ असे सांगितले, तर मालक होकार देईल. पण सत्य ठाऊक नसलेल्याचा होकार ही संमती ठरते काय?

सहीह मुस्लिममधील एका हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतील धान्य ओले लागले. ते पावसाने भिजले होते. भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, याचा त्यांनी विक्रेत्याला जाब विचारला. पाऊस पडणे हा त्याचा अपराध नव्हता. ओल झाकणे हा होता.

कारागिराचे निदानही चुकू शकते. तेव्हा चूक मान्य करून नुकसान भरून द्यावे. जाणूनबुजून सांगितलेला खोटा दोष मात्र कमाई हराम करतो.

येथे ग्राहकाचीही जबाबदारी आहे. आपण सुट्या भागाचे पैसे मुकाट्याने देतो, पण सफाईच्या मजुरीत घासाघीस करतो. कारागिराने मेहनतीचा मोबदला उघडपणे मागावा, आपण तो आनंदाने द्यावा. भाग खरोखर बदललाच, तर जुना भाग मालकाच्या हाती द्यावा. झाकण बसल्यावर आतले काम माणसाला दिसत नाही; अल्लाहला दिसते.