संस्थेचे मालक आणि संस्थेचा नोकर

सहकारी संस्थेंत सर्व सभासद सारखे, हें तत्त्व आतां खेड्यापाड्यांतही सर्वांच्या ओळखीचें झालें आहे. ज्याचे शंभर भाग त्यास एक मत, आणि ज्याचा एक भाग त्यासही एकच मत. परंतु जो मनुष्य पहाटे संस्थेचें कुलूप उघडतो, दुधाचें माप घेतो, वह्या लिहितो, आणि रात्रीं झाडलोट करून दिवा मालवितो, तो बहुधा सभासद नसतो; असला तरी नोकर ह्या नात्यानें त्याला मत नसतें. ह्या मनुष्याचें संस्था काय देणें लागते? दरमहा पगार दिला म्हणजे हें देणें फिटलें काय? हा प्रश्न वरवर हिशेबाचा दिसतो. आमच्या मतें तो नीतीचा आहे.

सहकाराचा पाया ज्यांनीं घातला असें मानतात, ते इंग्लंडांतील रॉचडेल गांवचे विणकर व इतर कामकरी होते. १८४४ सालीं अठ्ठावीस जणांनीं आपली तुटपुंजी शिल्लक एकत्र करून टोड लेन नांवाच्या गल्लींत दुकान काढलें. भेसळ नाहीं, खोटें माप नाहीं, उधारी नाहीं, आणि नफा खरेदीच्या प्रमाणांत वांटावयाचा, अशी त्यांची शिस्त होती. पुढें १८५४ सालीं ह्याच मंडळींच्या पुढाकारानें कापसाची सहकारी गिरणी निघाली, व तिच्यांत भांडवल घालणाऱ्याप्रमाणेंच काम करणाऱ्यासही नफ्याचा वांटा द्यावा असें ठरलें. गिरणी चांगली चालली. ती चांगली चालली म्हणूनच भाग घेणारे वाढले. नव्या भागधारकांपैकीं पुष्कळांचा गिरणीशीं संबंध आपल्या पैशाच्या लाभापुरताच होता. आणि १८६२ सालीं सभेनें बहुमतानें कामकऱ्यांचा वांटा बंद केला. ह्यांत पैशाची अफरातफर कोणीं केली नाहीं. सभा रीतसर भरली, मतें रीतसर मोजलीं गेलीं. ज्यांचा घांस गेला त्यांपैकीं बहुतेकांचीं मतें मात्र त्या मोजणींत नव्हतीं. सभासदांची आपसांतील समता ही सभेबाहेरच्या माणसास न्याय मिळवून देतेच असें नाहीं, हें सहकाराच्या पहिल्या वीस वर्षांतच दिसून आलें.

आपल्या प्रांतांत हेंच चित्र मोठ्या पडद्यावर पाहावयास मिळतें. नगर जिल्ह्यांत (ज्याचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे) विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या परिश्रमानें प्रवरेकांठीं सहकारी साखर कारखाना उभा राहिला, व १९५० च्या सुमारास त्याचें गाळप सुरू झालें. ऊस पिकविणारा शेतकरी कारखान्याचा मालक झाला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ऊस तोडणारा कोण झाला? तो बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड पाठीवर घेऊन येतो. त्याचा करार मुकादमाशीं, उचल मुकादमाकडून, कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचें नांव नाहीं. नवरा व बायको मिळून एक 'कोयता' धरतात. दोन माणसें राबतात, पण हिशेबांत शस्त्र एकच, आणि पैसा बहुधा पुरुषाच्या हातीं पडतो. आजारपणानें खाडा पडला तर उलट दंड भरावा लागतो. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील अनेक ऊसतोड बायांचीं गर्भाशयें काढलीं गेल्याचें उजेडांत आलें, व सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या बायांच्या तोंडून जीं कारणें बाहेर आलीं, त्यांत खाड्याच्या दंडाचें भय हेंही एक होतें. सहकाराचें नांव धारण करणाऱ्या धंद्याच्या दाराशीं हें घडलें, हें विसरूं म्हटल्यास विसरतां येत नाहीं.

वाचक म्हणतील, तो कारखाना. आमची तर गांवची दूध संस्था, फार तर पतपेढी किंवा बायांचा बचत गट. आमचा नोकर आम्हांस घरच्यासारखा आहे. हे शब्द आम्ही पुष्कळ गांवीं ऐकिले आहेत, व बोलणाराचें मन निर्मळ असतें हेंही मान्य करतों. पण घरच्यासारखा म्हणविल्या जाणाऱ्याला घराच्या वांटणींत कधीं हिस्सा मिळत नाहीं. दूध संस्थेचें काम पाहा. गायीम्हशींना रविवार ठाऊक नाहीं, दिवाळीही ठाऊक नाहीं. सकाळ-संध्याकाळ, वर्षाचे तीनशें पासष्ट दिवस माप चालूं राहतें. माप घेणाऱ्याचें मूल आजारी पडलें तर तो चेअरमनांकडे जातो. चेअरमन दयाळू, ते सुट्टी देतात, वर खिशांतून दोनशें रुपये देतात. पुढील महिन्यांत ग्रामपंचायतीची निवडणूक येते. आतां हा मनुष्य चेअरमनांच्या विरुद्ध बाजूच्या ओट्यावर जाऊन बसूं शकेल काय? चेअरमनांनीं त्याला धमकी दिली नाहीं, कदाचित् त्यांच्या मनांतही तसें नसेल. पण जी सुट्टी हक्कानें मिळाली असती ती उपकारानें मिळाली, आणि उपकाराची फेड माणूस मान खालीं घालून करतो.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या वाडवडिलांनीं हें पूर्वीं भोगलें आहे. बलुतें हा रूढीनें हक्कच होता. वर्षभर गांवाची सेवा केल्याचा तो मोबदला. तरी खळ्यावर उभें राहून तो मागावा लागे, व देणारा तो दिल्यासारखा नव्हे, टाकल्यासारखा देई. डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत महार वतनाविषयीं बिल आणलें, त्याचा एक मुख्य भाग हाच होता कीं काम कोणतें हें ठरलेलें असावें आणि बलुत्याच्या जागीं रोख वेतन यावें. ज्यांच्या घरीं ही आठवण आहे, त्यांनीं स्वतः पंच झाल्यावर दुसऱ्यास खळ्यावर उभें करूं नये.

येथें द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला पुढें करणारे भेटतात. उशिरां आलेल्यासही त्यानें दिवसाची पूर्ण मजुरी दिली, तेव्हां कोणास किती द्यावें हें देणाऱ्याच्या मर्जीवर आहे, असें ते म्हणतात. आमचें म्हणणें इतकेंच, कीं त्यांनीं दाखला सुरवातीपासून वाचावा. धन्यानें पहाटे आलेल्यांशीं आधीं मजुरी ठरविली. ठरल्याहून कोणासही कमी दिलें नाहीं. आणि त्याच संध्याकाळीं दिली. त्याचें औदार्य ठरावाच्या वर होतें, ठरावाच्या जागीं नव्हतें.

काम करणारा व मालक हा भेदच काढून टाकणें हा एक मार्ग आहे. १९५९ सालीं मुंबईंत गिरगांवांत सात बायांनीं ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्या लिज्जत संस्थेंत लाटणारी प्रत्येक बहीण भागीदार असते. स्पेनमधील मोंद्रागोन गांवीं एका धर्मगुरूच्या शिकवणीनें १९५६ पासून कामकऱ्यांच्या मालकीचे कारखाने निघाले, व वरच्या-खालच्या पगारांत किती अंतर असावें ह्यास त्यांनीं मर्यादा घातली. गांवच्या दूध संस्थेस हें जमेलच असें नाहीं. पण नियम लिहून ठेवण्यास कोणाचीच अडचण नसावी.

पगार किती व कोणत्या तारखेस. आठवड्याची सुट्टी कोणती व त्या दिवशीं बदली कोण. आजारपणांत व बाळंतपणांत काय. हें एका कागदावर मावतें. बाईला पुरुषाइतक्याच कामास पुरुषाइतकाच पगार, हें तर १९७६ सालींच कायद्यानें ठरलें. नेमणुकीच्या वेळीं ज्या पंचाचा पुतण्या उमेदवार असेल, त्यानें उठून बाहेर जावें. पुतणा लायक असेल तर काकांशिवायही तो निवडला जाईल. कामावरून काढावयाचें झाल्यास आधीं त्याचें ऐकावें, व कारण लेखी द्यावें. तक्रार कोठें करावी हाही नियम हवा, कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच हातीं ती देण्याची पाळी पुष्कळ ठिकाणीं येते. बायांच्या छळाविषयीं २०१३ सालच्या कायद्यानें दहा किंवा अधिक माणसें कामास असतील तेथें समिती सक्तीची केली; दहांहून कमी असतील तर जिल्ह्याच्या समितीकडे जातां येतें. हें आपल्या संस्थेंतील झाडणाऱ्या बाईस कोणीं सांगितलें आहे काय? आणि चहाची वेगळी कपबशी अजून कोठें फळीवर ठेवलेली असेल, तर त्यासाठीं नियम लिहीत बसूं नये, ती आजच काढावी.

पैसा नाहीं, ही अडचण खरी असूं शकते. ती खरी आहे कीं काय हें पाहण्याची रीत सोपी आहे. लाभांश वांटला गेला आहे काय? कायद्यानें ठरलेल्या किमान वेतनाहून कमी देऊन जो लाभांश वांटला, तो नफा नव्हता. ती नोकराची मजुरी सभासदांनीं आपसांत वांटून घेतली. आणि लाभांश खरोखरच वांटला नसेल, तर वह्या नोकरापुढें उघडाव्या.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत भरावयाच्या असतात. सभेची विषयपत्रिका बहुतेक गांवीं सेक्रेटरी लिहितो, आणि सेक्रेटरी हा स्वतः नोकर. आपल्याच सुट्टीचा व पगाराचा विषय त्यानें आपल्या हातानें कसा लिहावा? म्हणून कोणातरी सभासदानें तो वेळेवर लेखी द्यावा, आणि सभेच्या दिवशीं झाडणाऱ्या बाईसह सर्व नोकरांस सतरंजीवर बसावयास बोलवावें.