लागतो, विझतो, पुन्हा लागतो



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६२ आणि ६३.

माणूस कसा घसरत जातो, त्याची अख्खी साखळी भगवंतांनी या दोन श्लोकांत सांगितली आहे. एखाद्या विषयाचं मनात सतत घोळणं सुरू होतं. त्यातून ओढ लागते. ओढीतून इच्छा, इच्छेला अडथळा आला की क्रोध. क्रोधातून मोह, म्हणजे डोक्यातला गोंधळ. गोंधळातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धिनाश आणि शेवटी सर्वनाश. मोजल्या तर आठ पायऱ्या होतात.

क्रोधावर आपण खूप ऐकलेलं असतं. सहावी पायरी मात्र वाचताना पटकन ओलांडली जाते. स्मृती गेली की बुद्धी का जावी? आज एवढ्याच प्रश्नाजवळ थांबू. दृष्टांत मोटारसायकलचा घेऊ.

पुण्या-नागपुरात नोकरी करणारी आपली मुलं सुट्टीत पोंभुर्ण्याला येतात, तेव्हा बाबांची गाडी चालवतात. रोवणीचे दिवस असतात. पांदण रस्त्याला चिखल, बांध्यांत पाणी, वरून पाऊस. अशात एका संध्याकाळी मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. दहा मिनिटांनी विझतो. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी खड्ड्यात चाक आपटलं की पुन्हा लागतो. घरी विचारलं तर उत्तर ठरलेलं: "अरे, तो असाच लागते. जाते आपोआप."

हा दिवा आला कुठून? १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सहा नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या नव्या गाड्यांत दोष ओळखणारी यंत्रणा आणि इशाऱ्याचा दिवा असावाच लागतो. गाडीतला छोटा संगणक, ज्याला ईसीयू म्हणतात, तो सेन्सरांकडून सतत खबर घेत असतो. हवा किती आली, इंजिन किती तापलं, धुरात ऑक्सिजन किती उरला. एखादी खबर चुकीची आली किंवा आलीच नाही, की तो दिवा लावतो आणि त्या दोषाचा कोड आपल्या स्मृतीत नोंदवतो.

आता महत्त्वाचं ऐका. पुढच्या काही फेऱ्यांत तो दोष दिसला नाही, तर दिवा विझतो. नोंद मात्र त्यानंतरही बराच काळ आत राहते. म्हणजे दिवा विझला याचा अर्थ गाडी बरी झाली असा होत नाही. या क्षणी दोष दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मधूनच येणारा दोष म्हणूनच फार त्रास देतो. गाडी चंद्रपूरला सर्व्हिस सेंटरला नेली की नेमकी शहाण्यासारखी चालते. मेकॅनिक म्हणतो, काहीच नाही हो. चांगला मेकॅनिक मात्र तसं म्हणत नाही. तो आधी विचारतो: दिवा कधी लागतो? गाडी थंड असताना की तापल्यावर? पावसात, धुतल्यावर, खड्ड्यात, की हँडल वळवताना? मग स्कॅनर लावून कोड वाचतो, लिहून घेतो आणि तेव्हाच हात लावतो. बॅटरीचं टर्मिनल ढिलं आहे का? इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास, आणि चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा मिळतात का? अर्थिंग गंजलंय का? सॉकेटमध्ये पाणी किंवा हिरवट गंज आहे का? हँडलखाली जिथे वायरिंग रोज वळतं, तिथे वायर घासली आहे का? मग इंजिन चालू ठेवून एकेक वायर हळूच हलवून पाहतो. ज्या जागी हात लागताच इंजिन अडखळलं, ती दुखरी जागा. अनेकदा दोष एखाद्या सैल जोडात निघतो आणि महागडा सेन्सर बदलावाच लागत नाही.

घाईतला माणूस काय करतो? नोंद न वाचताच पुसून टाकतो. काही गाड्यांत बॅटरीची वायर काढून लावली तरी ती पुसली जाते. दिवा गेला, सगळे खूश! पण सैल जोड जिथल्या तिथेच आहे, आणि तो कुठे आहे हे सांगणारा एकमेव साक्षीदार आपणच घालवला. आता सर्वांत हुशार मेकॅनिकही अंदाजाने पार्ट बदलत बसणार. स्मृती गेली की बुद्धी का जाते, ते इथे कळतं. बुद्धी जागेवरच असते हो, पण तिला काम करायला पुरावाच उरत नाही.

आता हे स्वतःला लावून पाहू.

महिन्यातून दोनदा आपण आईवर फोनवर खेकसतो. मग आठवडाभर छान बोलतो. दिवा विझला. पुन्हा एकदा तेच. लगेच "सॉरी गं, कामाचं टेन्शन होतं" म्हणतो आणि मोकळे होतो. माफी मागणं चांगलंच आहे. पण नोंद न वाचता मागितलेली माफी म्हणजे बॅटरीची वायर काढून लावणं. तो राग कधी आला? पगाराचा विषय निघाला तेव्हा? कोणाशी तुलना झाली तेव्हा? चार रात्री नीट झोप नव्हती म्हणून? हे विचारलंच नाही, तर पुढच्या वेळी तोच राग जास्त जोरात येणार, आणि आपण म्हणणार, "माझा स्वभावच असा आहे." स्वभावावर खापर फोडणं सोपं. सैल जोड शोधायला बसावं लागतं.

दुसरी चूक उलट्या बाजूची. मन दोनदा उदास झालं की नोकरी बदलायची, शहर बदलायचं, नातं तोडायचं. हा वायर न तपासता थेट सेन्सर बदलण्याचा प्रकार.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. किल्ली ऑन केली की हा दिवा लागला पाहिजे आणि गाडीनुसार क्षणभरात किंवा इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. ती त्याची स्वतःची तपासणी असते. त्या वेळी तो लागलाच नाही, तर खूश होऊ नका. एकतर तो खराब आहे, नाहीतर कुणी मुद्दाम बंद केला आहे. चुकीचं वागूनही आत काहीच टोचत नसेल, तर ती मनःशांती समजू नये.

मग रोज किल्ली फिरवून पाहायची कशी? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी पहाटेचं सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना आपल्याला दिली. आपल्या पूर्व विदर्भातल्या कितीतरी गावांत ती आजही होते. शहरातल्या खोलीत एकट्याने बसलात तरी चालेल. दिवसातून एकदा गप्प बसून पाहायचं: दिवा लागतो का? आज कुठे लागला होता?

आजची साधना एवढीच. एक छोटी वही घ्या. सात दिवस, जेव्हा जेव्हा चिडचिड होईल, तेव्हा वेळ, ठिकाण आणि त्याआधी मनात काय घोळत होतं ते एका ओळीत लिहा. स्वतःला दोष द्यायचा नाही, खोडायचं नाही. आठव्या दिवशी वाचा. साखळीची पहिली पायरी, ते मनात घोळणं, तुम्हाला तुमच्याच अक्षरात सापडेल. तिथे दुरुस्ती सोपी असते. क्रोधापर्यंत गेल्यावर अवघड.

गाडीचंही सांगून ठेवते. पिवळा दिवा आहे पण गाडी नीट चालतेय, तर सावकाश जा आणि लवकर तपासून घ्या. सोबत गाडी झटके देत असेल तर पुढे रेटू नका. ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन ताबडतोब बंद करा. आणि पोंभुर्ण्याहून मूलला जा की चंद्रपूरला, वाटेत जंगलपट्टा आहे, वाघ आहे. संध्याकाळी दिवा लागला तर जंगलाआधीच्या गावातच थांबा, घरी फोन करा.

यानंतरचा ६४वा श्लोक फार आश्वासक आहे. भगवंत गाडी विकून घरी बसायला सांगत नाहीत. विषयांच्या रस्त्यावरूनच जा, पण राग-द्वेष सोडून, इंद्रियं ताब्यात ठेवून. अशा माणसाला मिळते ती मनाची प्रसन्नता. तिला भगवंतांनी शब्द वापरला आहे, प्रसाद.

जय गुरु.