चावी कोणाच्या हाती

चिक्कडपल्ली, हैदराबाद
पितृपक्ष, मंगळवार

चि. सोनूस,


काल फोनवर तू म्हणालास, ‘आत्या, तीन आठवड्यांत चार गाड्या विकल्या, पण रात्री झोप लागत नाही.’ कारण आधी टाळलंस, मग सांगितलंस. गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीत पूर्ण आकडा कागदावर द्यायचा नाही, तोंडी सांगायचा, बुकिंगचे पैसे भरून घ्यायचे आणि बाकीचं डिलिव्हरीच्या दिवशी बघायचं, असं तुला वरच्यांनी शिकवलंय. तू शोरूमच्या जिन्यात उभा होतास म्हणून मी फार बोलले नाही. सध्या पितृपक्ष, कोणी नवी गाडी घेत नाही, तुला वाचायला वेळ असेल. दसऱ्याच्या आधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून आजच लिहायला बसले.

मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची बारा कर्जविभागात. तुमच्यासारख्या दुचाकींच्या शोरूममधून निघालेली कोटेशनं माझ्या टेबलावर यायची. म्हणजे तू गिऱ्हाइकाला येताना बघतोस, मी त्याला तिथून निघाल्यावर बघितलंय.

एक गृहस्थ मला अजून आठवतात. मुशीराबादकडे राहायचे, मुलासाठी मोटरसायकल घेत होते. कर्ज मंजूर झालं, पैसे शोरूमला गेले, डिलिव्हरीचा दिवस ठरला. त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास ते बँकेत आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात झेंडूचा हार, नारळ आणि चाकाखाली ठेवायची लिंबं. म्हणाले, ‘मॅडम, आणखी सहा हजार कर्जात वाढवता येतील का?’ शोरूममध्ये ऐन वेळी हँडलिंग, अॅक्सेसरी किट, टेफ्लॉन कोटिंग आणि कसलंसं कार्ड मिळून तेवढी रक्कम निघाली होती. मुलगा तिकडे गाडीजवळ उभा, आई घरी ओवाळणीचं ताट करून बसलेली. मंजूर झालेलं कर्ज असं उभ्याउभ्या वाढवता येत नाही. त्यांनी पिशवी माझ्या टेबलाच्या कडेला ठेवली आणि बाहेरच्या बाकावर बसून एकेका नातेवाइकाला फोन लावू लागले. अर्ध्या तासानं कोणीतरी हो म्हणालं असावं. पिशवी उचलताना ते माझ्याकडे बघून हसले, पण ते हसू मला आवडलं नाही. माणूस आयुष्यातली पहिली गाडी घेतो त्या दिवशी त्याला उसनवारी करायला लावायची, हा केवढा अपराध आहे! आणि तो कोणी रागानं केला नव्हता. आकडा आधी सांगितला नव्हता, एवढंच.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे. माणूस खुर्चीत बसला, पाणी प्यायला, की कागद घे आणि त्याच्यासमोर लिही. एक्स-शोरूम किंमत, लाइफ टॅक्स, नोंदणी, विमा, हे वेगवेगळ्या ओळींवर. खाली रेघ. गाडी रस्त्यावर आणायला जे लागतंच ते रेघेच्या वर, आणि ज्याला तो नाही म्हणू शकतो ते सगळं रेघेच्या खाली. क्रॅश गार्ड, सीट कव्हर, कोटिंग, एक्स्टेंडेड वॉरंटी, सगळं खाली. ती रेघ ओढणारा सेल्समन मी फार कमी बघितला.

विमा नीट समजावून सांग, कारण त्यात लोक सर्वांत जास्त गोंधळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो घ्यावाच लागतो. पण आपल्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा एकेका वर्षाचा घेता येतो, आणि तो तुमच्याच टेबलावरून घ्यायला हवा असं कायद्यात कुठंही नाही. बाहेर स्वस्त मिळत असेल तर गिऱ्हाइकानं तिथून घ्यावा. तुझं कमिशन बुडेल, मला कळतं. तरी सांग.

हेल्मेटचंही तसंच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १३८ व्या नियमात स्पष्ट लिहिलंय की दुचाकी विकताना उत्पादकानं आयएसआय दर्जाचं हेल्मेट द्यायचं. तू ते हजार-बाराशेला विकू नकोस. देता येत नसेल तर वर विचार की का देता येत नाही. नवा मुलगा म्हणून विचारलंस तर कोणी रागावणार नाही. दोन वर्षांनी विचारशील तर रागावतील.

आता कर्ज. हा माझा विषय, म्हणून थोडं जास्त लिहिते. तुमच्या शोरूममध्ये फायनान्सवाला मुलगा टेबल टाकून बसतो. तो म्हणतो, ‘फक्त दहा टक्के.’ गिऱ्हाईक बँकेचा दर आठवतं आणि खूश होतं. पण तो दहा टक्के फ्लॅट असतो. ऐंशी हजारांचं कर्ज तीन वर्षांसाठी घेतलं तर वर्षाला आठ हजार म्हणजे चोवीस हजार व्याज, एकूण एक लाख चार हजार, हप्ता साधारण दोन हजार आठशे नव्वद. आता विचार कर, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मुद्दल बरंच फिटलेलं असतं, तरी व्याज मूळच्या ऐंशी हजारांवरच चालू असतं. बँकेसारखं उरलेल्या रकमेवर मोजलं तर हाच दर अठरा टक्क्यांच्या जवळ जातो. हे गणित तुला पाठ असलं पाहिजे. गिऱ्हाइकानं हप्ता किती विचारलं तर हप्ता सांग, आणि त्याच दमात तीन वर्षांत एकूण किती जाणार तेही सांग. बँकेत जा असा सल्ला देऊ नकोस, तुझी नोकरी आहे. पण एकूण रक्कम लपवू नकोस.

आणि कर्ज फिटल्यावर काय करायचं तेही कागदावर लिहून दे. ना-हरकत दाखला घ्यायचा, फॉर्म ३५ भरायचा, आरसीवरची बँकेची नोंद काढून घ्यायची. माझ्याकडे कितीतरी माणसं सात-आठ वर्षांनी यायची. गाडी विकायला काढली आणि कळलं की बोजा अजून तसाच आहे. तोवर कर्ज देणारी शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झालेली असायची.

तुझ्या आजोबांच्या काळात गिऱ्हाईक शोरूमवाल्यापुढे हात जोडून उभं असायचं. बजाजची चेतक १९७२ साली आकुर्डीहून निघाली, आणि लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायचे. लग्न ठरवताना मुलाच्या नावावर स्कूटर नोंदलीय का, हेही विचारलं जायचं. १९८५ ला हीरो होंडाची सीडी १०० आली, मग एकामागून एक गाड्या आल्या, आणि वाट बघण्याचे दिवस संपले. पण काही शोरूममधला जुना ताठा तसाच राहिला. गाडी देतोय म्हणजे उपकार करतोय, ही बोलण्याची तऱ्हा तुझ्या तोंडी कधी येऊ देऊ नकोस.

आता एक माझं स्वतःचं. तुझा जन्म झाला त्याच वर्षी मी बिनगिअरची स्कूटर घेतली. पैसे माझ्या पगारातले. दोन वर्षं दर महिन्याला बाजूला टाकलेले. काका सोबत आले, एवढंच. शोरूममधला मुलगा पहिल्यापासून त्यांच्याशीच बोलत होता. मी विचारायची मायलेज किती, तो उत्तर काकांकडे बघून द्यायचा. मी विचारलं, उंची थोडी जास्त आहे, माझे पाय टेकतील का? तो काकांना म्हणाला, ‘सर, मॅडमना सवय होईल.’ चेकवर सही माझी. डिलिव्हरीच्या दिवशी हार घातला, फोटो काढायला पुठ्ठ्याची मोठी चावी आणली आणि ती काकांच्या हातात दिली. काकांनी लगेच माझ्याकडे केली, पण तोवर फोटो निघाला होता. तो फोटो आमच्याकडे आहे, तू बघितलायस. त्यात मी थोडी बाजूला उभी आहे.

मी कोणावर रागावले नव्हते तेव्हा. आज रागावते. तुझ्या शोरूममध्ये रोज नर्सा येत असतील, अशोकनगरला स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुली येत असतील, दुकानात काम करणाऱ्या बायका येत असतील. पहिल्यांदा विचार, गाडी कोण चालवणार? आणि मग त्याच माणसाकडे बघून बोल. सीटवर बसायला सांग, दोन्ही पाय टेकतात का बघ. साइड स्टँड लावून दाखव. मेन स्टँडवर गाडी चढवायची युक्ती असते, ताकद लागत नाही, ती तिला शिकव.

टेस्ट राइडबद्दल. आपल्या चिक्कडपल्लीच्या मेन रोडवर, मेट्रोच्या खांबांमधून, आरटीसी क्रॉस रोड्सला सिनेमा सुटल्यावरच्या गर्दीत गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. तेवढ्यात कोणाला काय कळणार? सकाळी दहाच्या आधी बोलाव, इंदिरा पार्कच्या बाजूला घेऊन जा. माणूस मागे कोणाला बसवणार असेल तर त्यालाही बसव. सस्पेन्शन दोघांच्या वजनावर कळतं.

सर्व्हिसकडे तुझं काम नाही, पण गिऱ्हाईक तुलाच फोन करणार, म्हणून लिहिते. काही वर्षांपूर्वी काकांची मोटरसायकल एका ठिकाणी सर्व्हिसला टाकली होती. नाव लिहीत नाही. संध्याकाळी बिल आलं, त्यात एक ओळ होती, ‘पुढचे ब्रेक शू बदलले.’ काकांच्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक. त्याला पॅड असतात, शू नसतातच. काकांनी शांतपणे जुने शू दाखवा म्हणून सांगितलं. मुलगा आत गेला, दहा मिनिटांनी कोणाचे तरी झिजलेले शू फडक्यात गुंडाळून घेऊन आला. काका ते फडकं हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. पैसे परत मिळाले. पण ते परत कधी तिथं गेले नाहीत. आजही दर सर्व्हिसनंतर ते घरी येऊन ऑइलची कांडी काढून बघतात. एका ओळीनं माणसाचा विश्वास गेला तो असा.

तेव्हा जॉबकार्डाची प्रत गिऱ्हाइकाच्या हातात सकाळीच पडते ना, हे बघ. बदललेला भाग न मागता परत द्यायला सांग. आणि स्विगी-झोमॅटोची पिशवी पाठीवर घेऊन येणाऱ्या मुलांना आधी मोकळं करायला सांग. बाकीच्यांचा दिवस खोळंबतो, त्यांचा रोज बुडतो.

एक चांगली आठवणही लिहिते, नाहीतर तुला वाटेल आत्या सगळ्या शोरूमवाल्यांवर चिडली आहे. २०२५ च्या सप्टेंबरात, ३ तारखेला जीएसटी परिषदेनं ठरवलं की ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ वरून १८ टक्के होणार, तोही २२ तारखेपासून, म्हणजे घटस्थापनेपासून. बातमी आली होती, पण सगळ्यांपर्यंत पोचली नव्हती. आमच्या मजल्यावरचे शेजारी त्याच आठवड्यात पैसे घेऊन एका शोरूमला गेले. तिथला मुलगा, तुझ्याच वयाचा, त्यांना म्हणाला, ‘अंकल, फार घाई नसेल तर घटस्थापनेपर्यंत थांबा.’ मूळ किंमत सत्तर हजार असेल तर करातलाच फरक सात हजारांचा होतो. त्या मुलाची त्या आठवड्याची एक विक्री गेली. शेजारी नवरात्रात त्याच्याचकडे परत गेले, आणि त्यानंतर आमच्या इमारतीतल्या आणखी दोघांना त्याचाच नंबर दिला.

याच्या उलटही मी बघितलंय. २९ मार्च २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्या विकायच्या नाहीत. मग दोन दिवस शोरूमबाहेर रांगा लागल्या, हजारोंची सूट मिळाली. त्यात वाईट काही नव्हतं. पण गाडी जुन्या मानकाची आहे, पुढे विकताना भाव कमी येऊ शकतो, हे किती जणांना कोणी सांगितलं? सूट देताना तिचं कारणही सांगत जा. गाडी सात-आठ महिने गोदामात उभी असेल तर तेही सांग. फॉर्म २१ वर निर्मितीचा महिना आणि वर्ष असतंच, आज नाही तर उद्या त्याला कळणारच.

वरच्यांचं काय करायचं, हे तू विचारशील. भांडू नकोस. कागदावर आकडा लिहून दिलेल्या गिऱ्हाइकांपैकी किती परत आले, याची तीन महिने वहीत नोंद ठेव आणि मग ती वही मॅनेजरसमोर ठेव. तरीही खोटं लिहायला सांगितलं तर नोकरी सोड. घरी भाताला कमी नाही. तुझ्या बाबांशी मी बोलेन.

एक काम आहे. आमच्या इमारतीच्या वॉचमनची मुलगी येत्या शनिवारी तुझ्याकडे येईल. आजच्या घडीला तिचे एकोणीस हजार जमलेत, ट्यूशन घेऊन. मुहूर्त दसऱ्याचा धरलाय, तेव्हा शनिवारी फक्त बघायचं आहे. वडील सोबत असतील आणि बोलतील तेच, कारण ती फार हळू बोलते. तू तिला तेलुगूत विचार आणि उत्तर येईपर्यंत थांब.

तुझी,
आत्या