बाकावरची दहा मिनिटं

माझी मावशी कामावरून परतताना डोंबिवलीला उतरली की लगेच घराकडे वळत नसे. फलाटावरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन दहा मिनिटं नुसती बसायची. मेथी गाडीतच निवडून झालेली असे. घरी मात्र 'गाडी लेट होती' एवढंच सांगायची. दहा मिनिटांच्या बसण्यासाठी खोटं का बोलावं लागतं, हे कळायला मला फार वर्षं लागली.

मावशी अबोल. नातेवाइकांच्या भाषेत 'घुमी', रागावलेल्यांच्या भाषेत 'माणूसघाणी'. कार्ल युंगने १९२१ साली अंतर्मुख आणि बहिर्मुख असे स्वभावभेद मांडले, तेव्हा त्यात कुणाला कमी लेखलं नव्हतं. मनाचा ओढा आत की बाहेर, एवढाच फरक. माणसांत राहून मावशी शिणायची आणि एकटं बसून सावरायची. पण भरल्या घरात एकटं बसणाऱ्या बाईला 'काय गं, काय झालं?' हे पाचव्या मिनिटाला ठरलेलं.

शिणण्याला नाव मिळालं ते १९७४ मध्ये. न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात तळमळीने राबणारी माणसं आतून विझत जाताना हर्बर्ट फ्रॉइडनबर्गरने पाहिली आणि त्याला 'बर्नआउट' म्हटलं. पुढे ख्रिस्तिना मॅसलॅकने त्याची मोजपट्टी केली: थकवा, माणसांविषयी येणारा कोरडेपणा, आपल्या हातून काही होत नाही ही भावना. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही व्याख्या केली, पण ती नोकरीतल्या ताणापुरतीच ठेवली. इथे माझं मन अडतं. त्याच वर्षीच्या भारत सरकारच्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्या कामातला रोजचा वेळ सरासरी २९९ मिनिटं निघाला, तेच काम करणाऱ्या पुरुषांचा ९७. ही जवळजवळ पाच तासांची झीज व्याख्येच्या उंबऱ्याबाहेरच राहिली.

बाईला विसावा लागतो हे आपल्याकडे माहीत नव्हतं असं नाही. माहेरपण होतं. आजीच्या पिढीत 'बाहेर बसणं' होतं. 'तेवढे चार दिवस कुणी हाक मारायचं नाही गं,' असं आजी म्हणायची, आणि तिच्या आवाजात सुटकेचा सूर असायचा. तो सूर ऐकून मला आजही कसंतरी होतं. विसाव्यासाठी बाईला आधी विटाळशी व्हावं लागत होतं. माहेरपणालाही कुणीतरी 'जा' म्हणावं लागे. कारण दाखवल्याशिवाय, परवानगीशिवाय, स्वतःच्या नावावरचा विसावा तिला नव्हताच.

हल्ली ज्याला 'सीमा आखणं' म्हणतात, तो मला असा स्वतःच्या नावावरचा विसावा वाटतो. अबोल बाईला त्यासाठी भांडायला सांगू नये, भांडणानेच ती आणखी थकते. तिला आधीच ठरवलेलं एखादं छोटं वाक्य पुरतं. 'उद्या सांगते.' 'आज नाही जमणार.' पुढे कारण जोडायचं नाही. कठीण जातं ते हेच, कारण लहानपणापासून आपण कारणांसकट नकार द्यायला शिकलेल्या असतो. आणि एका रविवारच्या झोपेने हा शीण जात नाही, रोजचा थोडा एकांत लागतो.

निवृत्तीनंतर मावशीचा बाक सुटला आणि ती चिडचिडी झाली. शेवटी एकदा जेवताना म्हणाली, "संध्याकाळी सात ते साडेसात मला हाक मारू नका." काका म्हणाले, "का गं, बरं नाही का?"

"बरी आहे," मावशी म्हणाली, आणि आमटी वाढली.

परवा मी सव्वासातला गेले. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. काकांनी मला खुणेनेच बसवलं आणि चहाचं आधण ठेवायला स्वतः उठले.