वंशावळीत न लिहिलेले नाव

वाचनभाग : एज्रा १०:१८-४४, १ करिंथ ७:१२-१५

एज्राच्या दहाव्या अध्यायातील यादी आपण सहसा गाळून पुढे जातो. परक्या राष्ट्रांतील बायका करणाऱ्या शंभराहून अधिक पुरुषांची नावे तीत आहेत. ज्यांना घालवून देण्याचे ठरले त्या स्त्रियांपैकी एकीचेही नाव नाही. कित्येकींना मुले होती, एवढे शेवटच्या वचनात कळते. म्हैसूरजवळ कडकोळ येथे भाषांतराच्या कामात या नावांचे मराठी लेखन तपासण्यात माझा एक आठवडा गेला, आणि त्याच आठवड्यात माझ्या पणजोबांचे कागद नगरहून आले.

आमच्या घरात सांगत असत की, पणजोबांची पहिली पत्नी पटकीने वारली. मंडळीच्या विवाहनोंदवहीतही दुसऱ्या लग्नाच्या वेळी ‘विधुर’ असेच लिहिले आहे. पण सोबत न्यायालयाच्या हुकुमाची नक्कल होती. ख्रिस्ती झाल्यामुळे जोडीदाराने सहा महिने नांदण्याचे नाकारल्यास १८६६ च्या कायद्याने दाद मागता येत असे. न्यायाधीश त्या जोडीदाराला विचारीत, वर्षभर थांबत, पुन्हा विचारीत. तेव्हाही नकार आला तर विवाह मोडे, आणि पहिला विवाह जणू मृत्यूने संपला असे समजून दोघांनाही पुन्हा लग्न करता येई. ‘विधुर’ हा शब्द बहुधा तेथूनच आला असावा.

म्हणजे ती बाई जिवंत होती! दोनदा तिला विचारले गेले, दोनदा तिने नाही म्हटले. अशा प्रसंगी बंधन नाही असे पौल लिहितो. म्हणून पणजोबांना मी दोष देत नाही. पण पटकीची गोष्ट कायद्याने रचली नव्हती, ती आम्ही रचली. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, हे आपण किती प्रेमाने सांगतो! जी आली नाही, तिच्याविषयी आपल्याजवळ शब्दच नसतात.

नव्वदीला टेकलेल्या माझ्या आत्याबाईंना हे सांगावे की नाही, याविषयी मी पुष्कळ प्रार्थना केली. शेवटी सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग घरातले जुने पवित्र शास्त्र काढावयास लावून, विवाहांच्या पानावर आजोबांच्या नावापुढे जागा आहे का, एवढेच त्यांनी विचारले. जागा थोडी होती. हुकुमात तिचे नाव आहे. वडिलांच्या नावासह ते मी बारीक अक्षरांत लिहिले.