काय खाल्लं होतं?

साखर वाढली की पहिला प्रश्न ठरलेला : काय खाल्लं होतं? घरचे विचारतात, पावणे विचारतात, मोंढ्यातला आडत्यासुद्धा विचारतो. प्रश्न काळजीचाच असतो, पण त्याच्या पोटात आरोप असतो. साखर वाढली म्हणजे तोंडावर ताबा नाही, ताबा नाही म्हणजे माणूसच ढिला. आजार अंगाचा आणि निकाल स्वभावाचा. हा न्याय आहे का?

मी बारा वर्षांपासून इन्सुलिन घेतो, सकाळी आणि रात्री जेवणाआधी. तीच ज्वारीची भाकरी, तेच वरण, तेवढीच युनिटं. तरी मीटरवर एक दिवस १४० येते आणि दुसऱ्या दिवशी २६०. ताप आला, कर्जाच्या घोरात झोप मोडली, तरी साखर चढते. उन्हाळ्यात लाईट जाते, फ्रीज बंद पडतं. मग बाटली पिशवीत बांधून मातीच्या गार मडक्यात ठेवायची. उन्हानं औषध नासलं तर सुई टोचूनही उपयोग नाही. उलट रात्रपाळीच्या लाईटवर हरभऱ्याला पाणी द्यायला गेलं, की चिखलात चालून चालून पहाटे साखर घसरते. दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात. म्हणून बॅटरीसंगं गुळाचा खडाही खिशात लागतो.

येळवशीला तर परीक्षाच. सुई टोचून बसावं, तर कोपीतली पूजा लांबते आणि नैवेद्याआधी पान वाढत नाहीत. जेवून मग टोचावी, तर साखर तोवर चढलेली. वरून शेजारच्या रानातली बाई गव्हाची खीर घेऊन उभी. घ्यावी तर आकडा बिघडतो, नको म्हणावं तर माणूस दुखावतो.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली. उभी ज्वारी झोपली, हरभरा मातीत गेला. तवा कुणी शेतकऱ्याला विचारलं नाही, की बाबा, तुझं काय चुकलं? मशागत त्याची, आभाळ त्याचं नाही, हे सगळ्यांना कळत होतं. तेच अंगाच्या बाबतीत का कळू नये?

म्हणून काय सगळं नशिबावर टाकायचं नाही. वेळेवर न पेरणाऱ्यानं पावसाला शिव्या देऊ नयेत. सुई वेळेवर घेणं, साखर तपासणं, अनवाणी रानात न जाणं, जिभेला आवरणं, ही माझी मशागत. तिच्यात कसूर झाली तर मला जरूर बोला. पण मीटरचा आकडा म्हणजे माझ्या सचोटीचे मार्क नव्हेत.

हा दोष लेकरांच्या वाट्याला येतो, तवा जास्त लागतो. लहानपणीच इन्सुलिनवर जाणारी लेकरं असतात. त्यांचं शरीरच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारून टाकतं. गोड खाण्याशी त्याचा संबंध नाही. तरी बाया आईला म्हणतात, लई गोड खाऊ घातलं असंल. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं आणि १९२२ च्या जानेवारीत 14 वर्षांच्या पोराला ते पहिल्यांदा टोचलं. त्याआधी अशा लेकरांना जवळजवळ उपाशी ठेवायचे. त्याहून कडक पथ्य कोणतं? तरी ती वाचत नव्हती. पथ्य मोडल्यानंच हा आजार होत असता, तर ती लेकरं जगली असती.

दोष देण्याचा तोटा आणखी एक आहे. बोलणी खाऊन माणूस आकडा लपवायला शिकतो. कुणी तपासायचंच सोडतं, कुणी वहीत खोटं लिहून डॉक्टरला दाखवतं. त्या खोट्या आकड्यावर डोस ठरतो, आणि जिवावर बेततं. खरं बोलणाऱ्याला जिथं बोलणी बसतात, त्या घरात खरं टिकत नाही.

तवा विचारायचंच असंल, तर एवढं विचारा : आता काय करायचं? या प्रश्नाला माणूस खरं उत्तर देतो, आणि विचारणाऱ्यालाही हात लावायला काम मिळतं. कुणी मीटर आणून देतं, कुणी ताट लवकर वाढतं.