अकरा ओळी उसवताना (गीता, अध्याय २, श्लोक ४०)



आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला ४० वा. साध्या मराठीत सांगायचं तर भगवंत अर्जुनाला तीन गोष्टी सांगतात. या मार्गावर केलेली सुरुवात वाया जात नाही. मध्येच काही राहिलं किंवा चुकलं तर उलटा दोष लागत नाही. आणि यातलं अगदी थोडंसं केलं तरी ते मोठ्या भयातून सोडवतं.

खरं सांगते, हा श्लोक मी इतकी वर्षं 'छान आहे, धीर देणारा आहे' म्हणून पुढे ढकलत आले. गेल्या आठवड्यात मात्र त्याने मला अडवलं. तेव्हा माझ्या हातात पोथी नव्हती, क्रोशाची सुई होती.

आमच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात पश्मिन्याच्या दोन लच्छ्या होत्या. मामा सैन्यात असताना त्याचं पोस्टिंग लेहला होतं, तेव्हा त्याने आईसाठी आणलेल्या. हाताने कातलेली लोकर, रंग न दिलेली, दुधात चहाचे चार थेंब पडावेत तशा रंगाची. लडाखच्या चांगथांग पठारावर चांगपा लोक ज्या शेळ्या पाळतात, त्यांच्या अंगावर थंडीपुरती आतली मऊ लव येते. थंडी सरली की ती विंचरून काढतात. एकेक तंतू साधारण १२ ते १५ मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा. आईला हे आकडे माहीत नव्हते, पण हात लावल्यावर तिला कळलं होतं की ही साधी लोकर नाही. म्हणून तिने ती जुन्या मलमलच्या साडीत गुंडाळली, आत कडुनिंबाची पानं घातली आणि ठेवून दिली. काहीतरी चांगलं करू म्हणून.

ते 'काहीतरी चांगलं' वीस वर्षांत झालं नाही. दर दिवाळीच्या साफसफाईत गाठोडं खाली यायचं, पानं बदलली जायची आणि गाठोडं परत वर जायचं. आईच्या हाताने आमच्या अख्ख्या नात्यातल्या बाळांचे स्वेटर, टोपडी, मोजे झाले. ही लोकर मात्र तशीच राहिली. आता तिची बोटं सांध्यांशी इतकी सुजतात की सुई धरवत नाही. या फेब्रुवारीत तिने गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "तू कर काय ते."

मी (अर्थातच) सगळ्यात अवघड डिझाईन निवडलं. अननसाची जाळी असलेली त्रिकोणी शाल. मानेच्या मागच्या मध्यापासून सुरू होते आणि दर ओळीला दोन्ही बाजूंनी वाढत जाते. ज्यांना क्रोशा माहीत नाही त्यांच्यासाठी: अननसाच्या तळाला एकाच घरात बारा खांब घालायचे. पुढच्या ओळीत त्या खांबांच्या मधल्या अकरा जागांवर साखळीच्या अकरा कमानी, त्याच्या पुढच्या ओळीत दहा, मग नऊ, असं कमी करत करत टोकाला एकच कमान उरते. तळ ३० व्या ओळीत असेल, तर टोक ४१ व्या ओळीत यायला हवं.

माझ्या एका अननसाचं टोक ४० व्या ओळीतच आलं.

पहिल्यांदा वाटलं, मोजण्यात घोळ झालाय. तीनदा मोजलं. मग दिव्याखाली धरून खालपर्यंत गेले, तर ३० व्या ओळीत, डावीकडून तिसऱ्या अननसाच्या तळाशी खांब होते अकरा. एक खांब घालायचा राहिला होता. त्या दिवशी ऑफिसच्या कॉलवर कान आणि हात शालीवर, अशी मी बसले होते, हे मला लख्ख आठवतंय. एक खांब. अकरा ओळी कुणाला पत्ता नाही, आणि मग एकदम टोकाला जाऊन उघडं. प्रॉडक्शनमधले बग असेच असतात, पण ते एक असो.

चाळीस ओळींतल्या अकरा उसवायच्या म्हणजे पावभर काम गेलं, असं वाटेल. पण त्रिकोणात प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा लांब असते, त्यामुळे एकूण काम ओळींच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. २९ चा वर्ग ८४१, ४० चा १६००. म्हणजे जवळजवळ निम्मी शाल जाणार होती. वर हाताने कातलेला पश्मिना उसवायचा म्हणजे काय, तर त्याची लव एकमेकींत अडकते, ओढलं तर धागा तुटतो. फ्रीजरमध्ये ठेवलं की लव कमी चिकटते असं विणणाऱ्या बायका सांगतात. म्हणून रात्री शाल पिशवीत घालून फ्रीजरमध्ये, मटारच्या शेजारी. सकाळी आईने मटार काढायला दार उघडलं आणि तिला सगळं कळलं.

मला वाटलं ती रागावेल. ती पदराला हात पुसत म्हणाली, "आण इकडे. एकटीने उसवू नकोस, गुंता होईल. मी ओढते, तू गुंडाळ."

आम्ही दोघी समोरासमोर बसलो. ती दुखऱ्या बोटांनी एकेक टाका सोडवत होती, मी गुंडा करत होते. दोन ठिकाणी लोकर इतकी नमद्यासारखी झाली होती की कापावीच लागली. वीतभर, वीतभर. पहिल्यांदा कात्री लावताना माझा हात थांबला. तिचा नाही थांबला. मग बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मी याच भीतीने कधी काढली नाही बघ. बिघडली असती तर?"

मी म्हटलं, "आता बिघडलीच की."

"हो ना," ती म्हणाली, आणि चक्क हसली.

आता श्लोकाकडे येते. आदी शंकराचार्यांनी याच्या भाष्यात दोन दाखले दिलेत, ते मला फार आवडतात कारण ते अगदी रोजचे आहेत. एक शेतीचा. पेरणी केली म्हणजे पीक येईलच असं नाही. मध्ये पाऊस गेला तर सुरुवात फुकट. दुसरा औषधोपचाराचा. चुकला तर फायदा राहिला बाजूला, अपाय होतो. आचार्य म्हणतात, हा मार्ग या दोन्हींसारखा नाही.

इथे मला स्वतःलाच टोकायचंय. पटकन लिहून टाकता आलं असतं की बघा, शाल उसवली तरी लोकर राहिली, तसंच साधनेचं. पण ते खोटं होईल. लोकर पूर्ण राहिली नाही. दोन वीत गेली, उरलेली थोडी विरळ झाली, माझे कितीतरी रात्रींचे तास गेले. शाल शेतीच्या बाजूची आहे. जगातल्या बहुतेक गोष्टी शेतीच्या बाजूच्याच असतात, तिथे सुरुवात वाया जाऊ शकते आणि जातेही. भगवंत ते नाकारत नाहीत. ते फक्त एका जागेबद्दल सांगतात की इथे तसं होत नाही.

आणि आपण नेमकं उलटं धरून बसतो. माझंच सांगते. जपासाठी मी फोनवर एक ॲप वापरत होते. सलग १४३ दिवस झाले होते. मग एका रिलीजच्या आठवड्यात दोन रात्री ऑफिसच्या कामात गेल्या आणि सकाळी ॲपवर मोठ्ठं शून्य दिसलं. त्यानंतर मी जवळजवळ दोन महिने माळ हातात घेतली नाही. का? तर 'गेलंच सगळं'. १४३ दिवसांचं नाम कुठे जाणार होतं? ते शून्य ॲपचं होतं, पण मी ते देवाचं मानलं. ऑफिसात वर्षाच्या शेवटी जसं गुणांकन होतं तसं तिकडेही होत असणार, असं मनात कुठेतरी ठाम बसलेलं होतं.

आईचं वेगळंच. तिच्याकडे लाल कापडात बांधलेली गीतेची पोथी आहे. तिच्या सासूबाईंची. ती तिला रोज हळदकुंकू वाहते, पण उघडत नाही. लहानपणी कुणीतरी तिला सांगितलं होतं की संस्कृत चुकीचं उच्चारलं तर पाप लागतं. 'प्रत्यवाय' म्हणतात तो हाच, उलटा लागणारा दोष. आणि चाळिसाव्या श्लोकात हाच शब्द घेऊन तो इथे नाही असं सांगितलंय. म्हणजे ज्या भीतीने तिने पोथी उघडली नाही, त्या भीतीचं उत्तर त्या पोथीतच, पन्नास वर्षं बांधून ठेवलेलं. शाल उसवताना हे माझ्या ध्यानात आलं आणि मला गलबलून आलं.

थोडं पुढे ज्ञानेश्वर माऊली दिव्याच्या ज्योतीचा दाखला देतात, की ज्योत इवलीशी असली तरी तिचा उजेड मोठा असतो, तशी ही बुद्धी लहान म्हणू नये. मला आता 'थोडंसं' या शब्दाचा अर्थ तिथे जास्त कळतो. एक माळ. एक श्लोक, अडखळत का होईना.

म्हणजे वाटेल तेव्हा सोडून द्यायला मोकळीक मिळाली का? हा प्रश्न अर्जुनालाही पडला होता, पुढे सहाव्या अध्यायात. पण तो कुणाबद्दल विचारतो ते बघा. ज्याची श्रद्धा आहे पण मन ढळलं, त्याच्याबद्दल. असा माणूस फाटलेल्या ढगासारखा ना इकडचा ना तिकडचा होऊन विरून जातो का? उत्तर देताना भगवंत त्याला 'तात' म्हणतात. आपल्याकडे बाप लेकराला 'बाबा रे' म्हणतो ना, तसं. शंकराचार्य या शब्दाची फोड करतात: जो स्वतःला पुत्ररूपाने पुढे ताणतो, विस्तारतो, तो पिता म्हणजे तात, आणि पुत्रालाही मग तात म्हणतात. हा 'तन्' धातू. 'तंतू' हा शब्दही त्याच धातूपासून आलाय. हे वाचलं तेव्हा मांडीवर आईच्या हातून आलेला गुंडा होता. मी यावर जास्त काही लिहीत नाही.

रविवारी संध्याकाळी मी आईला म्हटलं, पोथी सोडूया का? ती आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, "तू आधी म्हण." मी चाळिसावा श्लोक म्हटला. तिने मागून म्हटला, एक जोडाक्षर अडलं, ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेली. अर्थ विचारला नाही. पोथी परत बांधताना गाठ मात्र सैल ठेवली.

काल रात्री ३० वी ओळ पुन्हा घातली. लोकर शेवटपर्यंत पुरेल की नाही सांगता येत नाही, माझ्या हिशोबाने अगदी काठावर आहे. कमी पडली तर शेवटची किनार वगळावी लागेल. तिसऱ्या अननसाच्या तळाशी आले तेव्हा आईने चष्मा चढवला, जवळ सरकली आणि माझ्या सुईबरोबर मोठ्याने मोजायला लागली. बाराला थांबली. "परत मोज," म्हणाली.

उद्या श्लोक ४१.

श्रीकृष्णार्पणमस्तु.